सावकाशीचा क्लास

गेल्या येळवशीला शिवकन्याबाई पडल्या, आणि पडल्या त्याही अशा, की सगळ्या शिवारानं बघितलं. येळवस हा लातूरकडच्या माणसाचा जिवाचा सण. वेळ अमावस्येला गाव ओस पडतं. जो तो आपापल्या रानात जातो, कडब्याच्या कोपीत लक्ष्मी मांडतो, मिसळ भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खातो आणि वर गाडगं गाडगं आंबील पितो. ती ताकातली आंबील बिंदगीत, म्हणजे मातीच्या छोट्या मडक्यात, भरायची आणि डोक्यावर घेऊन घरापासून कोपीपर्यंत पायी न्यायची. अहमदपूरच्या पुढं निंबवाडीत हणमंतरावांच्या घरी हा मान थोरल्या सुनेचा. शिवकन्याबाईंनी तो एकेचाळीस वर्षं सांभाळला, आणि बेचाळिसाव्या वर्षी धुऱ्यावर, म्हणजे रानाच्या बांधावर, पाय सटकला. बिंदगी फुटली, उजवं मनगट मोडलं, आंबील काळ्या मातीनं पिऊन टाकली. शेजारच्या रानातले लोक हातातला घास टाकून धावले. एकानं मात्र घास टाकला नाही, फोन काढला. आंबिलीनं न्हालेल्या शिवकन्याबाई दुपारपर्यंत तीन तालुक्यांत पोचल्या होत्या.

मुलगा रामलिंग नांदेडला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यानं आईला तशीच गाडीत घातली. "प्लास्टर निघंपर्यंत चल, माय. लई झालं तर दोन महिने."

प्लास्टर दीड महिन्यात निघालं. हाड जुळलं, पण हिंमत काही जुळेना. पाऊल टाकायचं म्हटलं की त्या आधी भिंत शोधायच्या. भिंत नसली तर माणूस, माणूस नसलं तर फ्रीज. जिना उतरताना कठडा असा काही आवळून धरायच्या, की मागून येणाऱ्याला वाटावं कठडाच पळून चाललाय. रामलिंग हे बघायचा आणि गावाचं नाव काढलं की मान हलवायचा. तिथं विहीर, तिथं दगड, तिथं ओसरीच्या तीन पायऱ्या. मायनं आता इथंच राहायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. मायेनंच केलं होतं, त्यात शंका नाही, पण मायेनं केलेली कैद सोडवायला वकीलही मिळत नाही.

तिकडं निंबवाडीत हणमंतराव एकटे. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"ऐकलीस का, मीठ कुठं हाय?"

"चुलीच्या वरच्या फळीवर. कालबी तिथंच हुतं, परवाबी तिथंच हुतं."

"हाव. सापडलं."

आणि मग दोघं फोन कानाला लावून तसेच बसायचे. अकरा महिने त्या माणसाला मीठ सापडत नव्हतं. शिवकन्याबाईंना सगळं कळत होतं. त्यांना घरी जायचं होतं, एवढी एकच गोष्ट त्यांना या जगात हवी होती. आणि घरी जायचं ते पाहुणीसारखं धरून-धरून नाही, तर डोक्यावर आंबील घेऊन, आपल्या पायानं.

फ्लॅट चांगला होता, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. पण चार ते सात सून सुकन्या हॉलमध्ये दहावीच्या पोरांची ट्यूशन घ्यायची. त्या वेळात शिवकन्याबाईंनी आतल्या खोलीत बसायचं, खोकायचं नाही, भांडं वाजवायचं नाही आणि पंख्याखाली गप पडून राहायचं. सुकन्या मुदखेडची, रेल्वेतल्या माणसाची लेक. तिचं सगळं टायमावर. वाईट अजिबात नव्हती. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही, पण दुधाचं पातेलं कुठल्या बर्नरवर ठेवायचं यावर अकरा महिन्यांत एकमत झालं नव्हतं. एकीनं ठेवलं की दुसरी काही न बोलता उचलून दुसऱ्या बर्नरवर ठेवायची.

कॉलनीच्या बागेत शिवकन्याबाई सकाळी जायच्या त्या बाकावर बसायला. बसायला भीती नव्हती. आषाढात एका सकाळी त्यांना समोर अकरा बाया उभ्या दिसल्या. सगळ्या एका ओळीत, गुडघे जरासे वाकलेले, दोन्ही हात छातीपुढं गोल, डोळे अर्धे मिटलेले, आणि कुणी काहीच करत नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शिवकन्याबाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. अकरा बाया एका जागी आणि कुणी बोलत नाही, हे त्यांनी मयतीतही बघितलं नव्हतं.

ओळीच्या पुढं एकटी उभी असलेली बारकी, पांढऱ्या केसांची बाई एकदम जोरात खाकरली. मागच्या अकराही खाकरल्या. मग सगळ्यांनी हात सावकाश खाली सोडले.

"हे काय हाय?" शिवकन्याबाईंनी बाकावरूनच विचारलं.

"छीगाँग," ती बाई म्हणाली. "चीनमधला आहे. श्वास, शरीर आणि मन, तिघांना एका दावणीला बांधायचं. उठा, बघत काय बसलात?"

या इंदू मॅडम. चौतीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. मुलगा राघवेंद्र सिंगापूरला असतो, त्याच्याकडं सहा महिने राहायला गेल्या होत्या. इमारतीच्या खाली रोज पहाटे एक ऐंशीचे चिनी आजोबा हे करायचे. त्यांना मराठी येत नव्हतं, मॅडमना चिनी येत नव्हतं, आणि इंग्रजी दोघांनाही एकमेकांचं कळत नव्हतं. मॅडम मागं उभ्या राहून बघून-बघून शिकल्या आणि सगळं दोनशे पानी वहीत आकृत्या काढून लिहून आणलं. हात कुठं, पाय कुठं, श्वास कधी. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराच्या मध्ये आजोबा दर वेळी एकदा खाकरायचे, तेही लिहून आणलं. दिवाळीत राघवेंद्र नांदेडला आला तेव्हा त्यानं सांगितलं, की आई, त्यांना जुना खोकला होता. मॅडम दोन दिवस बागेत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून खाकरणं बंद. पण बायांनी ऐकलं नाही. खाकरल्याशिवाय चौथा प्रकार लागतच नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. शेवटी मॅडमनीच हार मानली.

पण हे पुढचं झालं. त्या पहिल्या दिवशी शिवकन्याबाई बाकाची पाठ धरून उठल्या.

"मला तोल न्हाई, मॅडम. मी पडते."

"मग बाक धरून उभ्या राहा. पाय खांद्याइतके लांब. गुडघे ढिले. खांदे सोडा. अहो सोडा, कुणी पळवत नाही ते. हात असे, भरलेली घागर कवेत धरल्यासारखे. आता श्वास बेंबीच्या खाली जाऊ द्या आणि लक्ष तळपायाला."

"आन् मग?"

"मग काही नाही."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही. आणि जेवढं जमतं त्यातलं सत्तर टक्केच करायचं. पूर्ण ताकद लावायची नाही."

इथं मात्र शिवकन्याबाईंचं डोकं चालेना. पहाटे चारला उठून शेण काढलं, स्वयंपाक केला, दुपारी खुरपलं, संध्याकाळी धारा काढल्या. सत्तर टक्के म्हणजे किती, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पहिले आठ दिवस त्यांनी इतकी ताकद लावून आराम केला, की मांड्या भरून आल्या.

"शिवकन्याबाई, तुम्ही उभ्या आहात की बैल धरलाय?" मॅडम ओरडायच्या.

नवव्या दिवशी मात्र गंमत झाली. त्या बाकाला बोटं लावून उभ्या होत्या, श्वास कुठंतरी खाली जाऊन बसला होता, आणि तळपाय गरम व्हायला लागले. दोन्ही पाय जमिनीत उतरल्यासारखे वाटले. वारं आलं तर आपण जरा हलू आणि परत जागेवर येऊ, असं काहीतरी. डोळे उघडले तर बोटं बाकावर नव्हतीच. कधी सुटली हेही कळलं नव्हतं. आणि शिवकन्याबाईंना, वय वर्षं त्रेसष्ट, इतका आनंद झाला की त्या भर बागेत खुदकन हसल्या. हसू थांबेना. शेजारच्या बाईला लागलं, तिच्या शेजारणीला लागलं. मॅडमनी क्लास पाच मिनिटं बंद ठेवला.

तेव्हापासून त्यांना नाद लागला. "सावकाशीच्या क्लासला जाऊन येते" म्हणायच्या आणि लगबगीनं निघायच्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार न्यायचा, आधी एक पाय पुरता रिकामा करायचा, मगच उचलायचा. टाचा वर, टाचा खाली. आकाश तोलल्यासारखे दोन्ही हात डोक्यावर. मॅडम बजावून सांगायच्या, की यानं बीपीची गोळी सुटत नाही, गोळी घ्यायची. पण भाद्रपदापर्यंत शिवकन्याबाईंचा जिन्याचा कठडा सुटला, आणि दसऱ्याच्या आसपास तर त्या एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात चप्पल घालायला लागल्या. सुकन्या हे बघत होती. एका संध्याकाळी, ट्यूशन संपल्यावर ती मान धरून ओट्याशी उभी होती, तेव्हा शिवकन्याबाईंनी तिला मागून खांद्याला धरलं. "सोड. आजून सोड. सत्तर टक्केच उभी ऱ्हा." सुकन्या दोन मिनिटं तशी उभी राहिली. "आत्या, झोप यायली मला उभ्यानं," म्हणाली आणि हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध परत दुसऱ्या बर्नरवर गेलं. आणि त्याच दुपारी सुकन्यानं गच्चीची किल्ली सासूच्या हातात ठेवली. "चार ते सात वर जात जा. खोलीत किती वेळ पडणार?"

गच्चीवर शिवकन्याबाईंनी मूळ कामाला हात घातला. लुगड्याची चुंबळ केली, तिच्यावर पाण्यानं भरलेला स्टीलचा डबा ठेवला आणि आधी नुसत्या उभ्या राहायला लागल्या. मॅडमनी एक नियम घालून दिला होता: उभं राहणं मध्येच मोडायचं नाही. बोलायचं नाही. संपवताना तीन श्वासांत हात सावकाश खाली आणायचे.

एका शुक्रवारी डबा खाली ठेवून त्या शेवटचा प्रकार करत होत्या. मोकळे केस, अंग मुद्दाम थरथर हलवायचं, मग हात वर आणि डोळे अर्धे मिटलेले. पाण्याच्या टाकीची मोटर बंद करायला वॉचमन मडिवाळप्पा वर आला. मडिवाळप्पा देगलूरकडचा, देवभोळा माणूस. त्यानं शुक्रवार बघितला, मोकळे केस बघितले, थरथर बघितली, आणि तिथंच चप्पल काढली.

"अव्वा!" तो म्हणाला आणि हात जोडून गुडघ्यावर बसला. "अव्वा अंगात आली की वो!"

शिवकन्याबाईंना सगळं दिसत होतं. पण श्वास नाकातून खाली निघाला होता आणि नियम म्हणजे नियम.

"अव्वा, माझ्या पोरीचं कसं व्हायचं? दोन वर्सं झाली, सोयरिक जमंना. जमंल का?"

शिवकन्याबाईंनी पहिला श्वास सोडला आणि हात खाली आणायला सुरुवात केली. मडिवाळप्पाला वाटलं आशीर्वाद येतोय. तो पुढं सरकला आणि नेमका हाताखाली डोकं घालून बसला. हात त्याच्या टोपीवर येऊन टेकले. तिसरा श्वास संपला. मडिवाळप्पा गहिवरून उठायला लागला, आणि त्याच्या डोक्यावरच टाकीचा लोखंडी पाइप होता.

"सावकाश," शिवकन्याबाई म्हणाल्या.

एवढंच. पण मडिवाळप्पा पायऱ्यांवरून रडत उतरला. आईनं तोंडानं सांगितलं, सावकाश होईल! आता याला योगायोग म्हणा नाहीतर काही म्हणा, चार दिवसांत बिलोलीहून पाहुणे आले आणि पोरगी पसंत करून गेले.

पुढच्या शुक्रवारी रामलिंग कॉलेजातून लवकर आला. जिन्यात पहिल्या मजल्यापासून बाया उभ्या होत्या. हातात नारळ, हळदीकुंकू, एकीच्या हातात तर एक्स-रे.

"कुठं निघालात?" त्यानं विचारलं.

"आईच्या दर्सनाला. तुमी बूट काढा आधी, आन् रांगंत या."

"कोणची आई?"

"वरची."

रामलिंगनं बूट काढले. गर्दीत वाद घालायची त्याला सवय नव्हती. वर पोचला तेव्हा स्वतःची माय टाकीला पाठ लावून बसलेली दिसली, समोर सात नारळ, आणि ती जीव तोडून सांगत होती, "बायांनो, मला काईबी झालं न्हाई, मी पाय घट्ट करायले!" पाया पडणाऱ्या बाया म्हणत होत्या, "हाव आई, घट्ट करा."

खाली घरात आल्यावर रामलिंग चिडला. तो चिडला की वर्गात बोलतो तसं बोलतो.

"माय, उद्यापासून गच्ची बंद. ते चीनचं बंद. हे सगळं कशापायी?"

शिवकन्याबाई इतके महिने जे पोटात ठेवून होत्या, ते बाहेर आलं. "मला येळवशीला आंबील न्यायची हाय. आन् मग तिथंच ऱ्हायचं हाय. माझ्या घरी. तुझा बाप मीठ हुडकायलाय तिथं वर्सभर."

सुकन्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मग रामलिंगच्या डोक्यात मास्तर जागा झाला. विषय मिटवायची त्याला एकच रीत ठाऊक होती, परीक्षा.

"ठीक हाय. बिंदगी काठोकाठ. घरापासून कोपीपर्यंत, कुणाचा हात न धरता. पोचलीस तर तू तिथं ऱ्हा, मी तोंडातून शब्द काढणार न्हाई. पण एक थेंब जरी सांडला, तर निगेटिव्ह मार्किंग. गाडीत बसायचं आन् परत गावाचं नाव काढायचं न्हाई."

"एक थेंब?"

"एक."

"लाव पैज," शिवकन्याबाई म्हणाल्या, आणि गच्चीची किल्ली त्यांनी पदराला बांधली.

येळवशीच्या दिवशी निंबवाडीत सकाळपासून नुसती धांदल. चुना आणि कावेचे पट्टे ओढलेली नवी बिंदगी ओसरीवर ठेवलेली. रामलिंगनं स्वतःच्या हातानं आंबील ओतली, काठाला टेकेपर्यंत. वाकून डोळा पातळीवर आणून बघितलं आणि आणखी एक पळी घातली. हणमंतराव म्हणाले, "आरं, मायला न्हायला घालतोस का?" पण त्यांच्या हाताची बोटं सारखी धोतराच्या काठाशी चाळा करत होती.

शिवकन्याबाईंनी चुंबळ ठेवली, बिंदगी घेतली. पाय खांद्याइतके लांब. एक श्वास खाली. मग एक पाय रिकामा केला, आणि निघाल्या.

कोपी म्हणजे घरापासून पाऊण किलोमीटर. गल्लीतले लोक दारात आले. गेल्या वर्षीचा फोनवालाही आला, फोन वर धरून. शिवकन्याबाईंनी त्याच्याकडं बघितलं नाही, त्यांचं लक्ष तळपायाला होतं. टाच, पंजा, भार, मग दुसरा. गल्ली गेली, पांदण गेली. त्यांच्या मागं सुकन्या दुरडी घेऊन, आणि पुढं रामलिंग, तोही उलटा चालत, तोंड आईकडं आणि दोन्ही हात झेलायला पसरलेले. परीक्षक म्हणून निघाला होता, पण घामानं नुसता थबथबला होता.

"माय, धुरा आला. जपून. इथंच गेल्या वर्सी..."

"तू मागं बघ," शिवकन्याबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"माझं सोड, तू..."

धुरा आला. शिवकन्याबाईंनी पाय पुरता रिकामा केला, वर ठेवला, भार नेला, दुसरा ओढला. गेल्या वर्षी जिथं पाय सटकला होता ती जागा मागं पडली. त्यांना आतून उकळी फुटल्यासारखं झालं. पोरीसारखं पळत सुटावं वाटलं, ओरडावं वाटलं. सत्तर टक्के, सत्तर टक्के, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या.

आणि बरोब्बर त्याच वेळी उलटा चालणारा रामलिंग, एम.एस्सी. फिजिक्स, हरभऱ्याला पाणी सोडलेल्या दांडात मागच्या मागं बसला. नुसता बसला नाही, बदकन बसला. कमरेपर्यंत चिखल, दोन्ही हात तसेच पुढं पसरलेले, आणि तोंडावर असं भाबडं आश्चर्य, की गुरुत्वाकर्षण आपल्यालाही लागू आहे हे त्याला आत्ताच कळलं असावं.

शिवकन्याबाई जागच्या जागी थांबल्या. गुडघे ढिले, श्वास खाली. मॅडमनी वारं आलं तर काय करायचं ते शिकवलं होतं, पाय घसरला तर काय ते शिकवलं होतं, पण हसू आलं तर काय, हे वहीत कुठंच नव्हतं. आधी पोट हललं, मग खांदे. त्यांनी ओठ गच्च मिटले तर हसू नाकातून आलं. बिंदगी डुचमळली. आंबील काठावरून निघाली आणि उजव्या कानामागून मानेवर, मानेवरून खांद्यावर ओघळली. गार, आंबटसर, लसणाच्या वासाची. एक थेंब नव्हता, चांगलं ओंजळभर होतं.

शिवकन्याबाईंचं हसू गोठलं. संपलं. रामलिंग चिखलातून एक हात काढत होता, दुसरा रोवत होता. त्याची मान खाली होती. अजून दोन क्षणांत ती वर येणार होती.

तेवढ्यात मागून एक हात आला. पदराचा बोळा कानामागून फिरला, मानेवरून फिरला, खांदा दाबून पुसला, बिंदगीचा काठही पुसला, आणि गेला. रामलिंग उभा राहिला तेव्हा सुकन्या चार पावलं मागं दुरडी सावरत होती.

"सांडलं का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही सांडलात," सुकन्या म्हणाली. "व्हा बाजूला, आत्यांना जाऊ द्या."

कोपीजवळ आधीच येऊन थांबलेल्या हणमंतरावांनी दोन्ही हातांनी बिंदगी उतरवून घेतली. "आलीस," एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसायला उगीच कोपीकडं तोंड फिरवून कडबा नीट करायला लागले. रामलिंग निथळत आला. बिंदगीचा काठ बघितला, आईचे खांदे बघितले, पाठीमागं जाऊन बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"पास," तो म्हणाला. आवाज मात्र नापास झालेल्यासारखा होता. मग पॅन्ट धुतो म्हणून विहिरीकडं गेला तो लवकर परत आलाच नाही.

पूजा झाली. ओलगे-ओलगे म्हणत पोरांनी आंबील शिंपडत कोपीला फेऱ्या घातल्या. शिवारभर धूर, गलका, भज्जीचा वास. शिवकन्याबाई सुकन्याला घेऊन कोपीच्या मागं गेल्या. तिच्या पदराचं टोक अजून ओलं होतं, पांढरं पडलं होतं.

"एक सांग. माझ्यासाठी पुसलंस का तुझ्यासाठी?"

सुकन्या लाल झाली. "खरं सांगू, आत्या?"

"खोटं आजच्यापुरतं झालं की आपलं."

"पुसलं तेव्हा माझ्यासाठीच. वाटलं, खोली मोकळी होईल, ओट्यावर माझी मी राहीन, जाऊ दे एकदाचं." ती पदराचं टोक पिळत राहिली, त्यातून आता काहीच निघत नव्हतं. "आणि पुसून झालं, तेव्हा ध्यानात आलं, तुम्ही खरंच जाणार की."

शिवकन्याबाईंनी तिचं डोकं खांद्याशी ओढलं, त्याच ओल्या खांद्याशी, आणि दोघी रडल्या, आणि रडता रडता चिखलात बसलेला रामलिंग आठवून परत हसायला लागल्या. हसू इतकं वाढलं की दोघींना कोपीच्या कडब्याला धरावं लागलं. पलीकडून हणमंतराव हाका मारत होते, भज्जी गार व्हायली म्हणून.